बाटली आणि शेरा

व्ही. जी. म्हणजे व्हेरी गुड. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर नोकरी केलेल्या खलाशाचे जुने पुस्तक उघडले की पानाच्या कडेला ही दोन अक्षरे एकाखाली एक उमटलेली दिसतात. दर सफरीला दोन ठसे: एक कामातल्या कसबाबद्दल, दुसरा वागणुकीबद्दल. नुसते 'गुड' मिळाले तर ते चांगले धरत नसत. पुढच्या बोटीवर घेणारा अधिकारी त्या ओळीपाशी थांबे आणि समोरच्या माणसाला नीट न्याहाळी. 'डी. आर.' पडला, तर भरतीच्या रांगेत उभे राहण्यातही फारसा अर्थ उरत नसे. डी. आर. म्हणजे डिक्लाइन टु रिपोर्ट. या माणसाबद्दल मत द्यायला कप्तान तयार नाही, एवढेच त्यातून कळे. काय घडले, कधी घडले, त्या माणसाचे म्हणणे काय होते, यातले काहीच त्या पानावर नसे. मत नाकारण्याची ही मुभा १८९४ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने कप्तानाला दिली होती. वाईट शेऱ्यापेक्षाही ती मला घातक वाटते, कारण लिहिलेल्याचा जाब विचारता येतो, न लिहिलेल्याचा कोणाला विचारणार?

असा शेरा पडण्याच्या नेहमीच्या कारणांत दारू अग्रभागी होती. आणि बोटीवर दारूचा साठा ज्याच्या कुलपात असे, त्याच्याच हातात शेऱ्याची लेखणी असे. खलाशांच्या नोकरीची कागदपत्रे वाचायला लागल्यापासून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पाजणारा, मोजणारा, दंड करणारा आणि चारित्र्याचा दाखला देणारा माणूस एकच. जमिनीवरच्या कुठल्याही नोकरीत हे चालले नसते.

हे कागद आले कुठून ते थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश जहाजे इतक्या मोठ्या संख्येने बुडत होती, की १८३६ मध्ये पार्लमेंटने कारणे शोधायला समिती नेमली. समितीला जी कारणे सापडली त्यांत जहाजांची वाईट बांधणी होती, कप्तानांचे अज्ञान होते आणि अधिकाऱ्यांचे व खलाशांचे पिणेही होते. अमेरिकी जहाजांवर दारूऐवजी गरम कॉफी देतात आणि अशा जहाजांना विमेवाले सवलत देतात, याचीही तेव्हा बरीच चर्चा झाली. पुढे १८५० चा कायदा आला. परदेशी जाणाऱ्या जहाजांच्या कप्तानांना आणि मेटना, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना, परीक्षा सक्तीची झाली, बंदरोबंदरी शिपिंग ऑफिसे उघडली आणि प्रत्येक जहाजावर 'ऑफिशियल लॉग' ठेवणे बंधनकारक झाले. सुटताना खलाशाला मिळणारा दाखला आधी सुट्या कागदावर असे. तो हरवे, भिजे, विकलाही जाई. १९०० पासून त्याची जागा एका सलग पुस्तकाने घेतली. चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, जहाजाचे नाव, हुद्दा, सफर आणि शेरा.

पुस्तकात न मावणारी हकीकत लॉगमध्ये असे. गुन्ह्याची नोंद करायची एक ठरलेली रीत होती. कप्तानाने नोंद लिहायची, त्याच्यासोबत मेटने किंवा आणखी कोणी सही करायची, मग ज्याच्यावर आरोप आहे त्या खलाशाला समोर उभे करून ती त्याला मोठ्याने वाचून दाखवायची आणि त्याने जे उत्तर दिले तेही खाली लिहायचे. तो गप्प राहिला तर गप्प राहिला असे लिहायचे. करारनाम्यासोबत दंडांचे कोष्टक जोडलेले असे. पिऊन तर्र झाल्याबद्दल पहिल्या वेळी ५ शिलिंग, दुसऱ्या वेळी १०. रक्कम पगारातून कापली जाई. त्या काळच्या साध्या खलाशाचा पगार महिन्याला तीन-चार पौंडांच्या आसपास, म्हणजे एका रात्रीच्या दारूचे हे दोन-तीन दिवसांचे काम झाले.

जुने लॉग वाचताना दंडापेक्षा उत्तरे मनात राहतात. नोंदीचा साचा ठरलेला असल्याने बहुतेक पाने सारखी दिसतात: बंदर, वेळ, वॉचवर हजर नव्हता, बंकमध्ये पडलेला आढळला. पण उत्तराच्या ओळीत माणूस बोलतो. कोणी कबूल करतो, कोणी माफी मागतो, कोणी म्हणतो मला काही सांगायचे नाही. शिक्षेच्या कागदावर शिक्षा झालेल्याचा शब्द नोंदवण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटते. तिच्याकडे मी पुढे परत येणार आहे.

आता बाटलीकडे. जहाजावरची दारू म्हटले की आपल्याकडे लोकांना 'रम' आठवते. ती युद्धनौकांची गोष्ट. ब्रिटिश नौदलात सैनिकाला रोज रमचा ठरलेला वाटा मिळे. ॲडमिरल व्हर्ननने १७४० मध्ये तो पाणी घालून द्यायला लावला आणि ३१ जुलै १९७० ला तो कायमचा बंद झाला. व्यापारी जहाजावर खलाशाला असा कुठलाही हक्क नव्हता. उलट एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी करारनाम्यांवर 'नो स्पिरिट्स अलाउड' हे शब्द शाईने लिहिलेले किंवा छापलेले आढळतात. कायद्याने सक्तीचा होता तो लिंबाचा रस, स्कर्व्हीवर उपाय म्हणून.

तरी दारू होतीच. तिची खरी जागा बंदरात होती. खलाशाला बोटीवर चढण्याआधी महिन्याच्या पगाराची उचल चिठ्ठीच्या रूपात मिळे. ती चिठ्ठी वटवून देणारा त्याच्या खाणावळीचाच मालक असे. वटवताना तो कापून घेई, उरलेल्यातले दारूत जाई आणि माणूस कर्ज घेऊनच समुद्रावर निघे. पहिला महिना म्हणून फुकटचा वाटे, कारण त्याचे पैसे आधीच उडालेले. तो महिना संपला की शिडाच्या जहाजांवर एक विधी होई. गोणपाट, काथ्या, लाकडे यांचा एक घोडा करायचा, गाणी म्हणत डेकभर ओढायचा, दोराने वर चढवायचा आणि तोडून समुद्रात सोडायचा. मेलेला घोडा गेला, आजपासूनची मजुरी आपली. कप्तान चांगला असला तर त्या संध्याकाळी प्रत्येकाला एकेक पेला मिळे. विषुववृत्त ओलांडताना नेपच्यूनचा दरबार भरे, नवख्यांना साबण फासून पाण्यात बुडवत आणि तिथेही पेला असे. कडक शिस्तीच्या महिन्यांत असे दोन-तीन दिवस कप्तानाच्या मर्जीने मोकळे होत. ती मर्जी होती, हक्क नव्हता, हे मात्र सगळ्यांना ठाऊक असे.

वाफेची आणि पुढे डिझेलची जहाजे आली, सफरी वेळापत्रकाने होऊ लागल्या आणि 'बाँड' रूढ झाला. आजही जुन्या खलाशांच्या तोंडी हाच शब्द आहे. करमुक्त दारू, सिगारेटी, चॉकलेट, साबण यांची कुलूपबंद खोली म्हणजे बाँड. आठवड्यातला एक दिवस ठरलेला. यादीत नाव आणि हवा तो माल लिहायचा, कप्तान किंवा चीफ स्ट्युअर्ड माल देणार, सफरीअखेर हिशोबात पैसे कापले जाणार. बंदर आले की कस्टमचे लोक चढत, साठा मोजत आणि खोलीच्या दाराला सील ठोकत. सील तुटले तर जबाबदारी कप्तानाची. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला तेव्हाही जहाज कंपन्यांसाठी आणि कप्तानांसाठी वेगळ्या परवान्याची वाट ठेवावी लागली होती.

या बाँडमध्येही माणसांच्या पायऱ्या होत्या. बऱ्याच कंपन्यांत व्हिस्की, जिन, रम ही अधिकाऱ्यांच्या स्मोक रूमपुरती आणि डेकवरच्या, इंजिनातल्या माणसांना फक्त बिअर, तीही मोजून. जेवणाआधीचा अधिकाऱ्यांचा पेग हा शिष्टाचार. खलाशाने शेजारच्याचा डबा विकत घेऊन दोनाचे चार केले तर ती बेशिस्त. अधिकाऱ्याच्या पिण्याचा बोभाटा सहसा कंपनीच्या पत्रव्यवहारातच जिरत असे. खलाशाच्या पिण्याची नोंद त्याच्या पुस्तकात जाई आणि ते पुस्तक जन्मभर त्याच्या ट्रंकेत राही.

*

मुंबईत रीगल सिनेमाच्या समोर महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे. ती देखणी दगडी इमारत मुळात 'रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम'. व्हिक्टोरिया टर्मिनस बांधणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचेच हे काम, १८७० च्या दशकातले. खलाशांनी गुत्त्यांत आणि खाणावळींत लुबाडले जाऊ नये म्हणून हे घर उभारले, आणि ते होते युरोपीय खलाशांसाठी. पिऊन बोट चुकलेले, वाईट दाखला मिळालेले किंवा कप्तानाने उतरवून टाकलेले गोरे खलाशी मुंबई-कलकत्त्याच्या रस्त्यांवर भटकत. त्यांचे काय करायचे हा सरकारपुढे एवढा मोठा प्रश्न होता की १८६९ मध्ये आणि पुन्हा १८७४ मध्ये 'युरोपियन व्हेग्रन्सी ॲक्ट' करावा लागला. धरायचे, वर्कहाउसमध्ये ठेवायचे आणि जमेल तेव्हा मायदेशी धाडायचे.

त्याच बंदरातून त्याच कंपन्यांच्या बोटींवर रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे चढत होती. बाणकोट, हर्णे, दाभोळ, जयगड, राजापूर या खाड्यांवरची, बरीचशी कोकणी मुसलमान, काही भंडारी आणि खारवी. डेकवर सारंगाच्या हाताखाली तांडेल, कसाब आणि लस्कर. खाली इंजिनात आगवाले, तेलवाले, कोळसा ओढणारे. त्यांत पंजाब-सरहद्दीकडचे पुष्कळ. स्वयंपाकाला भंडारी (इथे हा हुद्दा, जात नव्हे), झाडलोटीला टोपास. सलूनमध्ये, म्हणजे जेवणघरात, केबिनींत आणि बारमागे, गोव्याची माणसे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश जहाजांवरच्या हिंदी खलाशांची संख्या पन्नास हजारांच्या घरात होती. गोऱ्या खलाशांच्या संघटनांनी त्यांच्याविरुद्ध आरडाओरडा केला की कंपन्यांचे ठरलेले उत्तर असे: हे लोक पीत नाहीत, सांगितले ते ऐकतात, बंदरात पळून जात नाहीत.

वरवर ही स्तुती आहे. पण तिच्याबरोबर काय काय येत होते ते पाहिले पाहिजे. लस्कराचा पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा, काही वेळा त्याहूनही कमी. झोपायच्या जागेचे माप गोऱ्याला माणशी ७२ घनफूट, लस्कराला ३६. १९०६ मध्ये गोऱ्यांचे माप १२० झाले, लस्कराचे तेवढेच राहिले. करार असा की नोकरी हिंदुस्थानातच संपली पाहिजे, इंग्लंडच्या बंदरात उतरून चांगल्या पगाराची दुसरी बोट धरता येणार नाही. जो पीत नाही त्याला जागा कमी पुरते, पैसे कमी पुरतात, असे काही गणित मांडल्यासारखे वाटते. आमच्या कोकणातल्या माणसांच्या धर्मनिष्ठ, काटकसरी सवयी कंपन्यांनी नफ्याच्या बाजूला लिहिल्या. त्यांच्या पुस्तकातला व्ही. जी. त्यांना पगारवाढ मिळवून देत नव्हता, फक्त पुढची बोट मिळवून देत होता.

दापोली तालुक्यातल्या एका घरात मी असे एक पुस्तक हातात घेतले. मुंबईच्या शिपिंग ऑफिसातून मिळालेले कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट. आज सगळे त्याला सीडीसी म्हणतात, जुनी माणसे नल्ली म्हणत. पुठ्ठ्याला कापड चिकटवलेले, कडा खाऱ्या हवेने फुगलेल्या. आतल्या पानावर फोटो, अंगठ्याचा ठसा, उंची आणि ओळखीची खूण म्हणून गालावरचा तीळ. पुढे ओळीच ओळी: मुंबई, टिलबरी, बर्कनहेड, पुन्हा मुंबई. ज्यांचे ते पुस्तक, ते चाचा आता थकले आहेत. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. बाँडच्या दिवशी ते बिअरऐवजी साबण आणि बिस्किटांचे डबे घेत आणि ते डबे घरी आणत. त्यांतला एक अजून स्वयंपाकघरात तांदळाच्या पिठासाठी वापरात आहे.

चाचांच्या पुस्तकातला एकही ठसा व्ही. जी.शिवाय नाही. त्याचा त्यांना अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. पण ठसे दाखवता दाखवता त्यांनी सांगितलेली गोष्ट मी कुठल्या कायद्याच्या पुस्तकात वाचली नव्हती. कप्तानाला डेकवरच्या चाळीस माणसांची नावेही माहीत नसत, भाषा तर दूरच. सफर संपताना सारंग कप्तानाच्या केबिनबाहेर उभा राही आणि तो जे सांगे त्यावर शेरा ठरे. म्हणजे सही गोऱ्या साहेबाची आणि मत सारंगाचे. सारंग बहुधा आपल्याच पंचक्रोशीतला, भरतीही त्यानेच केलेली. त्याच्याशी बिनसले, त्याला द्यायचे ते वेळेवर दिले नाही, तर न पिणाऱ्या माणसाच्या पुस्तकावरही डाग पडू शके. भरतीतली ही लाचखोरी इतकी माजली होती की सरकारला समिती नेमावी लागली. १९२२ च्या क्लो समितीने दलाल आणि सारंगांना वगळून सरकारी भरती कार्यालये उघडावीत अशी शिफारस केली. मुंबईत ते कार्यालय प्रत्यक्षात आले १९५४ मध्ये. शिफारस आणि अंमलबजावणी यांच्यामधल्या बत्तीस वर्षांत खलाशांची एक अख्खी पिढी म्हातारी झाली.

गोव्याच्या तारवटींची, म्हणजे तिथल्या खलाशांची, रीत वेगळी होती. ते पीत, आणि त्यात त्यांना काही लपवायचे नव्हते. पण मुंबईत बोटीची वाट बघत ते ज्या कुडांत राहत, त्या कुडांचे नियम कडक. धोबीतलाव, माझगाव या भागांत एकेका गावाचा एकेक कूड. एका मोठ्या खोलीत भिंतीकडेने ट्रंका, मध्ये गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची आणि कुडात दारू आणायची नाही. डोंगरी-मस्जिद बंदरच्या बाजूला कोकणी जमातींच्या गावच्या खोल्या होत्या, त्यांचेही असेच. बोटीवर कप्तान जे दंडाने साधू बघत होता, ते इथे गावच्या माणसांच्या नजरेने होत होते. जिन आणि व्हिस्की दिवसभर दुसऱ्यांना ओतून देणारा सलूनमधला गोवेकर रात्री कुडात शेजारच्याच्या खाटेखाली आपली नल्ली ठेवून निर्धास्त झोपे.

*

युद्धात या पुस्तकांच्या ओळी विचित्र रीतीने संपतात. उतरल्याचे ठिकाण या रकान्यात बंदराच्या जागी 'ॲट सी' लिहिलेले असते. टॉर्पेडो लागून जहाज बुडाले की त्याच दिवशी करार संपला, असा जुना नियम होता. लाइफबोटीत काढलेल्या दिवसांचा पगार नाही. ब्रिटनमध्ये १९४१ मध्ये ही रीत बदलली. त्या ओळीतही शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवलेला नाही. बुडत्या जहाजावरून जिवंत आलेल्या माणसाची वागणूक कशी होती, त्याचाही ठसा आहे. दोन्ही महायुद्धांत आपल्या व्यापारी खलाशांपैकी हजारो परत आले नाहीत. मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये त्यांचे स्मारक आहे. पहिल्या युद्धातली दोन हजारांहून अधिक नावे आणि दुसऱ्या युद्धातल्या सुमारे साडेसहा हजार नावांची वही. मुंबईकरांपैकी फार थोड्यांनी ती पाहिली आहे, याचे मला वाईट वाटते.

जिवंत परत आलेल्यांना तरी पुस्तक नेहमी वाचवू शकले का? १९२५ मध्ये ब्रिटनने 'कलर्ड एलियन सीमेन' हुकूम काढला. लिव्हरपूल, कार्डिफसारख्या बंदरांत राहणाऱ्या हिंदी खलाशांना आपण ब्रिटिश प्रजाजन आहोत याचा पुरावा मागितला जाऊ लागला. वीस वर्षांच्या व्ही. जी.ने भरलेले पुस्तक पुढे केले तरी ते अनेकदा पुरावा म्हणून धरत नसत आणि माणसाची परकी म्हणून नोंद होई. जे पुस्तक दारू प्यायल्याचा पुरावा म्हणून पुरेसे होते, ते नागरिकत्वाचा पुरावा म्हणून अपुरे ठरले.

त्याच सुमारास, १९२६ मध्ये, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने खलाशांच्या करारनाम्यांवर एक संकेत संमत केला. त्यात एक स्पष्ट वाक्य आहे: खलाशाला जे नोकरीचे नोंदपत्र द्यायचे, त्यात त्याच्या कामाच्या दर्जाबद्दल किंवा पगाराबद्दल काहीही लिहायचे नाही. हवा असेल तर त्याने वेगळा दाखला मागावा. म्हणजे नोकरीची नोंद आणि माणसाची परीक्षा यांची फारकत. माझ्या मते खलाशांच्या कागदपत्रांच्या सगळ्या इतिहासातले हे सर्वांत शहाणे वाक्य. तरी ठसे थांबले नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या आणि त्यानंतरच्याही पुस्तकांत व्ही. जी. आहेच, चाचांच्या पुस्तकातही आहे. २००६ च्या सागरी श्रम संकेताने तेच वाक्य पुन्हा लिहिले आणि भारताने २०१५ मध्ये तो संकेत मान्य केला.

*

दारूचे बोटीवरचे दिवस ज्या रात्री फिरले, ती रात्र अलास्कातली. २४ मार्च १९८९, एक्सॉन व्हॅल्डीझ हे तेलवाहू जहाज ब्लाय रीफवर चढले आणि एक कोटी दहा लाख गॅलन कच्चे तेल समुद्रात गेले. कप्तान जोसेफ हेझलवूड त्या संध्याकाळी बंदरात प्यायले होते. जहाज खडकावर चढले तेव्हा ते ब्रिजवर नव्हते. नशेत जहाज चालवल्याच्या आरोपातून ज्यूरीने त्यांना सोडले, निष्काळजीपणाने तेल सांडल्याबद्दल दोषी ठरवले. सरकारी अपघात-चौकशीने कप्तानाच्या पिण्याबरोबरच थर्ड मेटचा थकवा, त्याच्यावरचा कामाचा बोजा आणि कंपनीने कमी ठेवलेली माणसे यांनाही कारण धरले. वर्तमानपत्रांनी मात्र बाटली तेवढी लक्षात ठेवली.

या प्रकरणातली एक गोष्ट नोंदींबद्दलची आहे. पिऊन गाडी चालवल्यामुळे हेझलवूड यांचा मोटारीचा परवाना त्या वेळी निलंबित होता. जहाजाचा परवाना शाबूत होता. दोन्ही कागद एकमेकांशी बोलत नव्हते. पुढच्या वर्षी अमेरिकेने कायदा करून खलाशांच्या परवान्यासाठी मोटार-परवान्यांची राष्ट्रीय नोंद तपासण्याची सोय केली.

त्यानंतर तेल कंपन्यांनी भाड्याने घ्यायच्या जहाजांवर दारूबंदीच्या किंवा जवळजवळ बंदीच्या अटी घातल्या आणि बहुतेक टँकर 'ड्राय' झाले. पाठोपाठ कंटेनर आणि बल्क जहाजांच्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. खलाशांच्या प्रशिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय संकेतात २०१० मध्ये झालेल्या मनिला दुरुस्त्यांनी मर्यादा ठरवली: रक्तात ०.०५ टक्के किंवा श्वासात लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅम. आता बोटीवर श्वास तपासायचे यंत्र असते, अचानक तपासण्या होतात, बाहेरची माणसे येऊन लघवीचे नमुने नेतात. यात चूक काही नाही. दोन लाख टन तेल घेऊन मलाक्काच्या चिंचोळ्या पट्ट्यातून जाणाऱ्या माणसाने शुद्धीवरच असले पाहिजे.

पण त्याच दुरुस्त्यांत विश्रांतीचेही आकडे आहेत: २४ तासांत किमान १० तास, आठवड्यात किमान ७७. यंत्रात फुंकर मारली की दारू कळते. थकवा मोजणारे यंत्र नाही. विश्रांतीचे तक्ते पानापानांनी भरले जातात आणि ते जुळवून भरले जातात, हे बोटीवर काम केलेला कोणीही खाजगीत सांगतो. जी गोष्ट मोजता येते तिच्यासाठी माणूस घरी जातो, जी मोजणे अवघड आहे ती तक्त्यात नीट बसवली जाते. वीस-बावीस माणसांत चालणाऱ्या आजच्या बोटीवर मेस संध्याकाळी रिकामी असते, प्रत्येक जण केबिनमध्ये फोन धरून. जुन्या माणसांना बिअरच्या डब्यापेक्षा डब्याभोवतीची तासभर बैठक आठवते. तिच्या जागी कंपन्यांनी काही दिले नाही, ही माझी तक्रार आहे.

२५ जुलै २०२० ला मॉरिशसच्या किनाऱ्यावर वाकाशियो जहाज प्रवाळावर चढले आणि सुमारे हजार टन इंधन त्या निळ्या पाण्यात पसरले. कप्तान भारतीय होते. बोटीवर एका सहकाऱ्याच्या वाढदिवसाची पार्टी होती आणि मोबाइलचे सिग्नल मिळावेत म्हणून जहाज किनाऱ्याच्या जवळ नेले होते. कप्तानांना आणि पहिल्या अधिकाऱ्याला सुरक्षित नौकानयन धोक्यात आणल्याबद्दल प्रत्येकी २० महिन्यांची शिक्षा झाली. कप्तानांनी थोडी दारू घेतली होती, हे त्यांनी कोर्टात सांगितले. मी हे सारे वाचत होतो तेव्हा माझे लक्ष सिग्नलवर खिळले. ऐन कोविडमध्ये, बदली माणसे मिळत नसताना, महिनोन्महिने घराबाहेर असलेल्या माणसांना घरचा आवाज ऐकायचा होता. त्याने चूक धुतली जात नाही, किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचे नुकसान भरून निघत नाही. पण श्वासाच्या यंत्राने जे पकडता येते तेवढ्यावर थांबलो, तर पुढचे जहाज वाचणार नाही.

आजच्या भारतीय खलाशाची ओळख संगणकात आहे. इंडोस क्रमांक, बायोमेट्रिक ओळखपत्र, ऑनलाइन समुद्रसेवा. सीडीसी अजूनही छापील आहे, आणि तिचे सर्वांत बारकाईने वाचन आता घरचा सीए करतो. आयकराच्या नियमांनुसार परदेशी सफरीचे दिवस सीडीसीतल्या चढल्या-उतरल्याच्या तारखांवरून मोजायचे असतात. भविष्य निर्वाह निधीसाठी, निवृत्तीनंतरच्या मदतीसाठी, गोव्यात तारवटींच्या आणि त्यांच्या विधवांच्या पेन्शनसाठीही नोकरीचे जुने दाखले शोधावे लागतात. शेऱ्याचे वजन पुस्तकातून उतरले हे चांगले झाले. पण ते नाहीसे झालेले नाही. ते कंपनीच्या अप्रेझल फॉर्ममध्ये आणि मॅनिंग एजंटांच्या आपसातल्या फोनमध्ये गेले. फॉर्मवर सही घेतली जाते, पुष्कळदा पटवूनही दिले जाते. फोनवर काय बोलले गेले ते खलाशाला कधी कळत नाही. त्याला एवढेच कळते की जागा भरली. जुन्या लॉगमध्ये निदान त्याला समोर उभे करून वाचून दाखवत आणि त्याचे उत्तर खाली लिहीत. दारूबद्दल, भांडणाबद्दल, कामचुकारपणाबद्दल जो काही आरोप असेल तो त्याला वाचून दाखवला पाहिजे आणि त्याचे उत्तर त्याच कागदावर राहिले पाहिजे, हा १८५० नंतरच्या कायद्यांतला नियम आजच्या संगणकातही हवा. नौकानयन महासंचालनालयाने आणि खलाशांच्या संघटनांनी हे मनावर घ्यावे. १९५८ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा २०२५ मध्ये संमत झाला आहे, नियम घडवण्याची हीच वेळ आहे.

ज्यांच्या घरी ट्रंकेत अशी नल्ली आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. ओल लागू देऊ नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, सुती कापडात ठेवा आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून घ्या. पुस्तकातले जहाजाचे नाव आणि त्याचा ऑफिशियल नंबर या दोन गोष्टी हातात असल्या की दुसरी बाजू शोधता येते. ब्रिटिश जहाजांच्या १८६३ पासूनच्या खलाशी-याद्यांचा सुमारे ७० टक्के भाग कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठाच्या सागरी इतिहास संग्रहात आहे. १० टक्के लंडनमध्ये क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. १८६५, १८७५, १८८५ अशा पाचाने संपणाऱ्या वर्षांच्या बहुतेक याद्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत. त्यांतल्या १९१५ च्या याद्या नावांनिशी इंटरनेटवर विनामूल्य शोधता येतात. युद्धात गेलेल्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर मिळतात, आणि लस्करांविषयीचा सरकारी पत्रव्यवहार ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहे. शोधताना नावाचे इंग्रजी स्पेलिंग एकच धरून बसू नका. कारकुनाने कानावर पडले तसे लिहिले आहे. एकाच माणसाचे नाव दोन सफरींत दोन तऱ्हांनी येते, बापाचे नाव आडनावाच्या जागी जाते आणि गावाच्या जागी नुसते 'बॉम्बे' असते. तेव्हा आधी जहाज आणि तारीख पकडा, मग त्या पानावरच्या सगळ्या सारंग, तांडेल, कसाब आणि भंडाऱ्यांची नावे एकेक करून मोठ्याने वाचा. आपले गाव त्यांत ऐकू येते.